बंदूक, सवलत आणि अठरा सह्या

२०१० साली अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाचे डेमोक्रॅट गव्हर्नर जो मॅन्चिन सिनेटसाठी उभे होते. जाहिरातीत त्यांनी रायफल उचलली आणि एका विधेयकाच्या कागदाला गोळी घातली. कार्बन उत्सर्जनावर मर्यादा घालणारं, त्यांच्याच पक्षाचं वॅक्समन-मार्की विधेयक ते. हाऊसमध्ये (संसदेच्या कनिष्ठ सभागृहात) २१९ विरुद्ध २१२ असं जेमतेम पास झालेलं. सिनेटमध्ये मतालाही आलं नाही. कोळशाच्या राज्यात त्याला गोळी घालणं म्हणजे फुकटची मतं!

त्यावरून डेमोक्रॅट एवढं शिकले, की लोकांच्या खिशात हात घालायचा नाही, उलट चार पैसे टाकायचे. २०२२ चा कायदा असाच. नाव महागाई कमी करण्याचं, आत ऊर्जा आणि हवामानासाठी ३६९ अब्ज डॉलर, बरेचसे करसवलतींच्या रूपात. सिनेटमध्ये ५०-५०, शेवटी उपाध्यक्ष कमला हॅरिस यांचं मत. आणि मनधरणी कोणाची करावी लागली? याच मॅन्चिन यांची. त्यांनी किंमतही वसूल केली: समुद्रात पवनचक्क्यांना जागा द्यायची तर आधी तेल-वायूसाठी ६ कोटी एकर लिलावात काढा.

हिशेब असा होता की सवलतींवर चालणारे स्वच्छ ऊर्जेचे कारखाने रिपब्लिकन मतदारसंघांत उभे राहिले की कायद्याला हात लावायची कोणाची छाती होणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये १८ रिपब्लिकन खासदारांनी स्पीकरना पत्रही लिहिलं, सवलती सरसकट काढू नका म्हणून. जुलै २०२५ मध्ये त्या कापणारं ट्रम्प यांचं विधेयक शेवटच्या मतदानाला आलं, तेव्हा त्या पक्षाची विरोधात मतं पडली फक्त दोन.

छतावरच्या सोलरची ३० टक्के करसवलत ३१ डिसेंबरला संपणार म्हटल्यावर न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ इन्स्टॉलरच्या हात धुऊन मागे लागला. (मत ट्रम्पनाच. त्यावर आम्ही बोलत नाही.) सवलत कुठून येते विचारलं, तर म्हणाला, "सीए बघतो." आयकराच्या फॉर्म ५६९५ मधला एक आकडा, बस. यासाठी रस्त्यावर कोण उतरणार? २०१७ मध्ये ओबामाकेअर, म्हणजे आरोग्यविम्याचा कायदा, रद्द होऊ घातलं तेव्हा लोकांनी खासदारांच्या सभा दणाणून सोडल्या, कारण आपलं काय जाणार हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या मते डेमोक्रॅटांनी कायदा इतका बेमालूम लपवला की तो वाचवायला कोणी आलंच नाही.

कॅलिफोर्नियात उलट आहे. तिथे प्रदूषण करणाऱ्या कंपन्यांना परवाने विकत घ्यावे लागतात आणि त्यातला पैसा वीजबिलात 'क्लायमेट क्रेडिट' अशा स्वतंत्र ओळीने ग्राहकाला परत मिळतो. २०२५ च्या सप्टेंबरात त्या योजनेची मुदत २०४५ पर्यंत वाढवली गेली.