फक्त पाय ठेवायचाय, काका

गाडीचे ब्रेक घरीच करावेत. गॅरेजवाला असं काय करतो हो? चाकं काढतो, ब्रेक ऑइलचे पाइप बदलतो, त्यांत शिरलेली हवा काढतो आणि पैसे घेतो. एवढं तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी बर्म्युडावरही होतं. मी ऐकीव सांगत नाही. गेल्या रविवारी दुसऱ्या मजल्यावरच्या तरुणाने सकाळी साडेनऊला माझी बेल वाजवली. "काका, पाच मिनिटं खाली येता का? फक्त पाय ठेवायचाय." मी पावणेचारला वर आलो. माझा उजवा गुडघा अजून त्या पाच मिनिटांतून बाहेर आलेला नाही. तुम्हालाही हा उद्योग करायचा असेल, तर चार गोष्टी सांगून ठेवतो.

सुरुवात पाइपांपासून. कंपनीचे रबरी पाइप सामान्य माणसांसाठी असतात. आपण स्टीलची जाळी विणलेले मागवावेत. आत टेफ्लॉनची नळी, वर चकचकीत जाळी, साडेअकरा हजार रुपये. दाबाखाली रबर किंचित फुगतं, हे फारसं फुगत नाहीत, त्यामुळे पेडल टणक लागतं. हे खरंच आहे. ज्याला ट्रॅकवर गाडी पळवायची असते त्याला याचा उपयोगही होतो. आपली गाडी सिंहगड रोडवर तासाला बारा किलोमीटरने सरकते, तरी लावावेत. रबर दहा वर्षांचं झालं होतं, बदलायलाच हवं होतं, कंपनीचंच नवीन घातलं असतं तरी भागलं असतं. पण मग व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो कशाचा टाकणार? शेवटी रस्ता धरून ठेवतो तो टायर, आणि आमच्या मित्राचे टायर टक्कल पडल्यासारखे गुळगुळीत झालेत. ते कोण बघतं? टायरला जाळी नसते.

गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडू नये. पीयूसीच्या जुन्या कागदांखाली ते सुखात असतं. त्याऐवजी व्हिडिओ बघावा, शक्यतो अमेरिकेतला. त्यातला सद्गृहस्थ सांगतो की मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की चाकांकडे ऑइल ढकलतो तो पंप) सगळ्यात लांबच्या चाकाच्या ब्रेकमधली हवा आधी काढा, म्हणजे मागच्या उजव्या. त्याचं स्टिअरिंग डावीकडे, सिलिंडरही डावीकडे, म्हणून त्याला मागचं उजवं लांब. आपलं सगळं उजवीकडे, म्हणजे आपल्याला लांब पडतं ते मागचं डावं. शिवाय काही गाड्यांत एक पुढचं आणि एक मागचं चाक ऑइलच्या एकाच लाइनवर तिरकं जोडलेलं असतं, तिथे क्रम आणखी वेगळा असू शकतो. मी हे भीतभीत काढलं. उत्तर आलं, "काका, फिजिक्स सगळीकडे सेमच असतं."

फिजिक्स सेमच असतं. स्टिअरिंग नसतं.

पाइपाच्या नटासाठी तोंडाला फट असलेला एक रिंग पाना मिळतो. तो घेऊ नये. साडेअकरा हजार घालवल्यावर चारशे रुपये वाचवलेच पाहिजेत. साधा पाना लावावा, जोर करावा, नटाचे कोपरे गोल झाले की पकड आणावी, पकड घसरली की "कंपनीचं मटेरियलच भिकार" म्हणावं.

पाइपाच्या जोडावरचे तांब्याचे वॉशर जुनेच चालतात. गळले की कळतंच.

जॅकखेरीज गाडीखाली दुसरा आधार कशाला? वीट आहे की.

ऑइलचं मात्र जपून. दुकानात डॉट ३, डॉट ४, डॉट ५.१ आणि डॉट ५ अशा बाटल्या मिळतात. यातलं डॉट ५ सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत ते मिसळत नाही. पण आपण दुकानात जायचंच कशाला? गेल्या वर्षी उघडलेली अर्धी बाटली माळ्यावर असतेच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. ताजं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ती हमी १५५ अंशांवर येते. वरंधा घाटात ब्रेक तापले की उरलेला धडा मिळतो. ऑइलची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पाय सरळ पत्र्याला टेकतो. वर्षभर उघड्या बाटलीत किती पाणी मुरलं असेल? घरचं आहे ना, मग चांगलंच असणार.

ही बाटली कुठे ठेवावी, हेही सांगतो. शेजाऱ्याच्या बॉनेटवर. उंची बरोबर येते. ब्रेक ऑइल रंग खातं, लगेच भरपूर पाण्याने धुतलं तर थोडं वाचतं. कोणी धुतलं नाही. माझ्या पांढऱ्या बॉनेटवर आता बाटलीच्या बुडाएवढं गोल कडं उमटलंय, नखाने खरवडलं की पापुद्रा निघतो. "बफिंगमध्ये जाईल, काका." कोणाच्या पैशाने, ते बोलणं राहिलं.

आता मुख्य विधी, हवा काढणं. याला एक काका लागतो. काकाने आत बसून पेडल तीनचार वेळा मारायचं आणि दाबून धरायचं. बाहेरच्याने चाकामागचं निपल सैल करायचं, ऑइलबरोबर बुडबुडे नळीतून बाहेर, निपल बंद, मग काकाने पाय सोडायचा. सगळा खेळ एवढाच. निपल उघडं असताना पाय उचलला की बाहेरची हवा परत आत. मी उचलत नव्हतो हो! पण माणूस मागच्या चाकाशी आडवा, मी काचा वर करून आत (मच्छर), गेटवर "कांदे बटाटे"चा भोंगा, पहिल्या मजल्यावर कुकर. त्यातून "सोडू नका" आलं तर मला "सोडू का" ऐकू यायचं आणि मी म्हणायचो, सोड. मग दोघंही सोडायचो. असं मी मोजून अकरा वेळा ओरडून घेतलं, माझ्या निम्म्या वयाच्या माणसाकडून. तासाभराने एक चाक स्वच्छ झालं. मिठी मारायचीच काय ती बाकी होती. तेवढ्यात मी बॉनेटखाली डोकावलो. वरचा डबा कोरडा ठणठणीत. ऑइल भरत राहायचं असतं, हे व्हिडिओत होतं, पण ते त्याने पुढे ढकललं होतं. डबा रिकामा झाला की मास्टर सिलिंडर हवाच ओढतो आणि सगळं पहिल्यापासून. पहिल्यापासून! मी चहा मागितला. चहा आला नाही, पार्किंगमध्ये खाली उतरून चहा कोण आणणार. मागच्या उजव्याने सुरुवात, परत मागचं उजवं. पुस्तक अजून कप्प्यातच. माझा पाय थरथरत होता आणि तो सांगत होता की गॅरेजवाले कसे लुटतात. गॅरेजवाल्याकडे पोऱ्या असतो राजा, आणि त्या पोऱ्याला ऐकू येतं.

जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसच्या डब्यात हवा अडकली तर काही गाड्यांत ती काढायला कॉम्प्युटर जोडावा लागतो. जोडू नये.

शेवटी चाचणी. इंजिन बंद ठेवून पेडल पाचसहा वेळा मारावं, मग दाबावं. दगडासारखं लागतं. "बघा काका, रॉक सॉलिड!" इंजिन बंद असताना पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरची मदत संपते, आणि पंप मारला की हवेसकट पेडलही वर येतं. इंजिन चालू करून पाय ठेवला असता तर ते खाली जाताना जागच्या जागी दिसलं असतं. मी तसं म्हटलंही. तोवर त्याने आपल्या सात वर्षांच्या मुलीला मागच्या सीटवर बसवलं होतं. टेस्ट ड्राइव्ह. तिला आइस्क्रीम.

आमचा रॅम्प खाली गेटकडे उतरतो. गाडी उतरली, ब्रेक लागले नाहीत. तिने वॉचमन मामांची खुर्ची चिरडली आणि गेटच्या खांबाला टेकून थांबली. हँडब्रेक आहे हे त्याला खांबाने आठवण करून दिल्यावर सुचलं. मामा दोन मिनिटांपूर्वी पाण्याची बाटली भरायला नळावर गेले होते.

अरे गाढवा, ब्रेक आहेत ते! सीट कव्हर नव्हेत. गाणी चुकली तर स्टिरिओ बंद करता येतो, हे चुकलं तर समोरच्याचा जीव जातो, आणि तो समोरचा दर वेळी नळावर गेलेला नसतो. स्वतःच्या हाताने करायचंय ना? कर की, चांगली गोष्ट आहे. पुस्तक वाच, चारशेचा पाना घे, नवे वॉशर घाल, बंद बाटली फोड, खाली स्टँड लाव. इंजिन चालू करून पेडल धरून बघ, मग सपाट जागेवर एकटा, पायी चालणाऱ्याच्या वेगाने गाडी फिरव. पोरीला घेऊन उतारावर? आणि वर हसत म्हणतोस, "थोडक्यात वाचलो"? तू कुठे होतास धोक्यात? तू तर स्टिअरिंग धरून बसला होतास.

गाडी टोचन करून गॅरेजला गेली. खुर्ची मामांनी तारेने बांधलीय. रॅम्पवर कोणाचीही गाडी दिसली की ते अजून उठून उभे राहतात.