ताई, चाल कुणाची?

आठ मार्च, म्हणजे महिला दिन, जवळ आला की सांगलीतल्या मंडळांना गायिका हवी असते. यंदा कुणाच्या तरी ओळखीतून स्वतः गाणी लिहिणारी, स्वतःच चाली लावणारी आणि गिटार घेऊन गाणारी मुलगी पदरात पडली, तर गांगरू नका. गाणाऱ्या बाईची आपल्याला सवय आहे. मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, त्याला जमाना लोटला. अडचण तिच्या गळ्याची नाही, वहीची आहे. ती वही कुणाच्या नजरेला पडू द्यायची नाही, एवढंच आयोजकाचं काम.

सुरुवात फ्लेक्सपासून करा. फोटो मोठा छापा, खाली लिहा 'सुमधुर आवाजाची गायिका'. 'शब्द, संगीत, गायन' असं तिने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं असेल, तर जागा पुरली नाही म्हणून सांगा. जागा खरंच पुरत नाही, प्रमुख पाहुण्यांचेच फोटो दाटीवाटीने बसवावे लागतात. मग साथीदारांत जो वयाने मोठा, त्याच्या नावामागे 'संगीत संयोजन' लावा. तालमीत त्याने फक्त 'इथे कुठली कॉर्ड?' एवढंच विचारलेलं असलं तरी चालेल. हे गावठी वाटत असेल तर जगाकडे बघा. आइसलंडची गायिका ब्यर्क २०१५च्या मुलाखतीत सांगून गेली की, 'व्हेस्पर्टाइन' या अल्बमचे बहुतेक ठोके तिने तीन वर्षं बसून केले, मॅटमॉस ही संगीतकारांची जोडी शेवटच्या दोन आठवड्यांत आली, आणि संगीतावर लिहिणाऱ्यांनी अल्बम त्या जोडीच्या नावावर केला. टेलर स्विफ्टने तर सहलेखकांकडे बोटं दाखवणाऱ्यांसाठी २०१० मध्ये 'स्पीक नाऊ' हा अल्बम एकटीने लिहून काढला. तरी शंका घेणारे हटले नाहीत. मग आपणच का मागे राहायचं?

आता तबला. तबलजीला तिचा सूर आधी कळवू नका. तो सवयीने काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, तबला घेऊन येईल, कारण आपल्याकडचे पुरुष गवई त्याच आसपास गातात. मुलगी समजा पांढरी पाचमध्ये, म्हणजे पाचव्या पांढऱ्या पट्टीत, गाते. म्हणजे तबला लागला तिच्या तीव्र मध्यमावर. यमन रागात हा सूर देखणा दिसतो, पण तबल्याच्या काठावरच्या दर थापेला तोच कानावर आदळायला लागला की लोकांना कुठेतरी खटकतंय एवढं कळतं, आणि ते खटकणं तबल्याच्या नाही, तिच्या खात्यावर जमा होतं. अर्धा सूर उतरवला तर शुद्ध मध्यम मिळतो, अर्धा चढवला तर पंचम. तबल्याचे लाकडी गठ्ठे आणि कडेचा गजरा यांवर हातोडीचं दहा मिनिटांचं काम. ती दहा मिनिटं दीपप्रज्वलनाला द्या. फारच तक्रार झाली तर 'ताई, तुम्हीच जरा खाली घ्या ना' म्हणा. पांढरी पाचची चाल काळी एकवर आणली की मुखड्यातल्या खालच्या जागा नुसती हवा होऊन बाहेर पडतात, आणि 'आवाजात दम नाही' हा अभिप्राय आपोआप तयार होतो. मिरजेच्या सतारमेकरांचा आदर्श इथे ठेवू नका. त्यांनी मर्दानी तंबोरा मोठा आणि जनानी लहान, चढ्या सुराचा, असे दोन प्रकारच करून ठेवलेत, निव्वळ सुरासाठी. इतकं बारीक काम मंडळांना परवडत नाही.

साउंडवाल्याला एकच सूचना: निवेदकाचा इको तिलाही राहू दे. डिले चारशे मिलिसेकंद ठेवला की पुढचा शब्द येतो तेव्हा मागचा अजून सभागृहातच घुटमळत असतो. हे फार उपयोगी आहे. समजा तिचं गाणं हक्कसोडपत्रावर, म्हणजे माहेरच्या जमिनीतला वाटा सोडण्याच्या कागदावर, आहे: भावांनी बहिणीला साडी नेसवून, जेवू घालून, तहसीलला नेऊन सही घेतली, वगैरे. अशी सही पहिल्या रांगेतल्या निम्म्या घरांत झालेली असते. शब्द स्वच्छ ऐकू आले तर पाहुण्यांना उगाच पाणी प्यावंसं वाटेल. इकोत मात्र सातबारा, सही, सासर सगळं एकमेकांत मिसळून माहेरच्या आठवणींचं हळवं गाणं झाल्यासारखं वाटतं. लोक टाळ्याही वाजवतात.

गाण्यांच्या मध्ये निवेदकाने प्रश्न विचारावेत. घरच्यांचा पाठिंबा आहे का? लग्नानंतर चालू ठेवणार का? आणि हुकमी प्रश्न, तुम्ही स्त्रीवादी आहात का? 'हो' म्हणाली तर पुरुषद्वेष्टी, 'नाही' म्हणाली तर 'बघा, संस्कार!' गाण्याबद्दल, म्हणजे तिसऱ्या कडव्यात ठेका का सोडला, असलं काही विचारू नका. उत्तर देता येईल तिला.

गाण्यातला 'मी' कोण, हा शोध मात्र सोडू नका. १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' झालं, तेव्हा पदं विष्णुदास भाव्यांची, म्हणणारा सूत्रधार आणि सीतेच्या सोंगातही पुरुषच. पण रामाशी तुमचं कसं जमलं, असं कुणी भाव्यांना विचारल्याची नोंद नाही. बाईने लिहिलं की ती कबुलीच असते. 'रोलिंग स्टोन' मासिकाने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःची गाणी लिहिणाऱ्या गायिका जोनी मिचेलच्या प्रियकरांची नावं मोजून तिला टोमण्याचा किताब देऊन टाकला. आपण मासिक काढत नाही, पण कार्यक्रमानंतर चहाच्या गाड्यावर 'तो कोण असेल रे' एवढं तर करूच शकतो.

व्हिडिओ टाकताना गीतकार आणि संगीतकार या दोन्ही रकान्यांत 'पारंपरिक' लिहा. हे सगळ्यांत महत्त्वाचं. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीपासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सही घेऊनही हडपता येत नाही. त्यापेक्षा ती गीतकार आहे हेच कागदावर न येणं सुटसुटीत. बायकांची गाणी या रकान्यात पूर्वीपासून बसतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या आणि गाणारणीचं नाव-गावही लिहून ठेवलं, ते त्यांचं वेगळं. जनाबाईने अभंगात स्वतःची सही केली, पण तीही 'नामयाची जनी' अशी. तेवढी रीत पाळली तर आपलीही ना नाही.

कार्यक्रम रंगात आला की मागून फर्माईश यायला हवी: लावणी होऊन जाऊ द्या! माणूस आधीच बसवून ठेवा. 'मी माझीच गाणी गाते' असं ती म्हणेल. मग निवेदकाने समजुतीने सांगावं की, लावण्या लिहिणारे पठ्ठे बापूराव आपल्याच वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, बाईचं मन त्यांच्याइतकं कुणाला कळलं? एवढ्यावर ती गायलीच, तर त्या व्हिडिओखाली गीतकाराचं नाव नीट, ऱ्हस्व-दीर्घ तपासून टाका. उगाच बापूरावांवर अन्याय नको.