टाय न लावणारा अपक्ष

‘अपक्ष म्हणजे विकाऊ माल.’ निवडणूक कुठलीही असो, आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर हे वाक्य कोणीतरी टाकतंच आणि खाली पटापट अंगठे पडतात. २०२२ च्या सुरत-गुवाहाटी सहलीनंतर आणि ‘पन्नास खोके’च्या घोषणांनंतर तर त्यावर वाद घालायची सोयच राहिली नाही. डब्लिनमध्ये बसून मी तरीही घालतो. माझं म्हणणं एवढंच: पाठिंब्याच्या बदल्यात काही मागणं हे पाप नाही. काय मागितलं, कोणासाठी मागितलं आणि ते चारचौघांत सांगितलं की नाही, हे बघा.

माझं उदाहरण ठरलेलं असतं. टोनी ग्रेगरी.

फेब्रुवारी १९८२. गिरणगावात संप सुरू होऊन बरोबर महिना झाला होता, त्या दिवशी इकडे आयर्लंडमध्ये मतदान झालं. डब्लिन सेंट्रल मतदारसंघातून ग्रेगरी नावाचा पस्तिशीतला शिक्षक अपक्ष म्हणून निवडून आला. वडील बंदरात कामाला, आई वेट्रेस, बालपण एका खोलीत. मुंबईच्या माणसाला यातलं काही समजावून सांगायला लागत नाही. मतदारसंघही तसाच: कंटेनर आल्यावर गोदीची कामं गेलेली, पडायला आलेल्या चाळीवजा इमारती, आणि त्यात नुकतीच शिरलेली हेरॉइन. निकाल असा लागला, की १६६ जणांच्या सभागृहात फियाना फॉल या पक्षाचे ८१. सरकार बनवायला थोडकेच कमी, आणि ग्रेगरींकडे एक मत.

मग दोन्ही मोठ्या पक्षांचे नेते, फियाना फॉलचे चार्ल्स हॉही आणि त्यांचे प्रतिस्पर्धी गॅरेट फिट्झजेराल्ड, बोलणी करायला त्यांच्याकडे आले. ग्रेगरी एकटे बसले नाहीत, वस्तीत काम करणारे सहकारी सोबत घेऊन बसले. ठरलं ते कागदावर उतरलं. हॉहींनी त्यावर सही केली आणि साक्षीदार म्हणून देशातल्या सगळ्यात मोठ्या कामगार संघटनेच्या सरचिटणीसाने केली. मतदारसंघात ४४० नवी घरं, उरलेल्या डब्लिनमध्ये आणखी १६००, बंदराची २७ एकर जागा सरकारने ताब्यात घ्यायची, तीन वर्षांत हजारो रोजगार, बंद पडलेली कागद गिरणी राष्ट्रीयीकृत करायची. स्वतःसाठी मंत्रिपद नाही, महामंडळही नाही. ९ मार्चला पंतप्रधान निवडताना ग्रेगरी सभागृहात उभे राहिले आणि त्यांनी हा करार वाचून दाखवला. तो कामकाजाच्या नोंदीत आजही आहे. कोणीही उघडून वाचावा.

यातला विनोद असा, की पुढे चौकशी आयोगाने याच हॉहींना धनिकांकडून वर्षानुवर्षं गुपचूप मिळालेल्या रकमांचा हिशेब काढला, तो नव्वद लाख पौंडांच्या वर गेला. म्हणजे त्या टेबलावर ज्याला लोक ‘ब्लॅकमेल करणारा’ म्हणत होते, त्याचा सौदा उघड्यावर होता, आणि ज्याच्याकडे देश सोपवला त्याचा झाकलेला.

‘मग झाली का ती घरं?’ असं ग्रुपवरचा एक इंजिनिअर मित्र दर वेळी विचारतो. रास्त प्रश्न आहे. काही झाली, पुष्कळसं कागदावरच राहिलं, कारण सरकार त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पडलं. आणि खरा आक्षेप त्याहून मोठा आहे: ज्या वस्तीचा आमदार ऐन मोक्याला अडून बसला तिला घरं, आणि शेजारच्या तितक्याच गरीब वस्तीला काय? यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. इथेही हा वाद कधी संपलेला नाही. केरी जिल्ह्याच्या हीली-रे या अपक्ष आमदारांच्या घराण्याकडे बघून डब्लिनकर नाक मुरडतात, की यांना देश नको, आपल्या गावचा रस्ता तेवढा हवा. १९९७ मध्ये अपक्षांनी अल्पमतातल्या सरकारला टेकू दिला, तेव्हाचे करार तर जाहीरच झाले नाहीत. तेव्हा आयरिश लोक धुतल्या तांदळाचे, असं मी म्हणत नाही.

पण इथे अपक्ष टिकतो याचं एक साधं कारण आहे आणि ते मतपेटीत आहे. एका मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडून जातात, आणि मतदार नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. आपल्याकडच्या पदवीधर मतदारसंघात मत दिलेल्यांना हे ठाऊक आहे. पहिल्या पसंतीचा माणूस बाद झाला तरी मत पुढे दुसऱ्याला जातं. त्यामुळे ‘अपक्षाला मत म्हणजे वाया’ हे वाक्य इथे चालत नाही, आणि मतं खायला सारख्या नावाचा गडी उभा करण्यातही फारसा अर्थ उरत नाही. नागरिक नसतानाही इथल्या रहिवाशाला स्थानिक निवडणुकीत मत देता येतं. तसं दोरीने बांधलेल्या पेन्सिलीने मी पहिल्यांदा हे आकडे लिहिले तेव्हा ‘एक’ कोणाला यापेक्षा ‘चार’ कोणाला याच विचारात जास्त वेळ गेला.

आपल्याकडे १९९५ मध्ये ४५ अपक्ष निवडून आले होते. शिवसेना-भाजपचे मिळून १३८, बहुमताला १४५ हवे. म्हणजे ग्रेगरींच्या हातात होतं त्याच्या कितीतरी पट वजन त्या मंडळींच्या हातात होतं. बरेच जण मूळचे काँग्रेसचे, तिकीट कापलं म्हणून अपक्ष. कोणी लाल दिवा मागितला, कोणी पाण्याची कामं. पाणी मागणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. पण ते मागणं उभं राहून सभागृहात वाचून दाखवलं असतं तर पुढे पाच वर्षं त्यावरून सरकारला आणि त्या आमदाराला, दोघांनाही धरता आलं असतं. आपला पक्षांतरबंदी कायदा अपक्षाला निवडून आल्यावर पक्षात जाऊ देत नाही, गेला तर आमदारकी जाते. पाठिंबा कशाच्या बदल्यात दिला हे मात्र तो विचारत नाही.

घरच्यांना आयर्लंड म्हटलं की लिओ वराडकरच आठवतात. मूळ मालवणजवळच्या वराडच्या घरातला मुलगा पंतप्रधान झाला, कौतुक आहेच. पण ते मोठ्या पक्षाच्या शिडीने वर गेले. ग्रेगरींना शिडी नव्हती. पाठिंब्याचे ते काही महिने सोडले तर ते कायम विरोधातच बसले, आणि तरी १९८२ पासून २००९ मध्ये कॅन्सरने जाईपर्यंत लोकांनी त्यांना एकदाही पाडलं नाही. रस्त्यावर भाजी-फळं विकणाऱ्या बायकांना पोलीस हुसकत होते, तेव्हा त्यांच्याबरोबर रस्त्यात बसले आणि हमीपत्रावर सही करायला नकार देऊन १९८६ मध्ये दोन आठवडे माउंटजॉय तुरुंगात राहिले. आपल्या फेरीवाल्यांसाठी आत गेलेला आमदार शोधून सांगा, असं मी ग्रुपवर लिहिलं, तर उत्तर आलं, ‘फेरीवाले हवेतच कशाला?’ तो वेगळा वाद.

टाय मात्र त्यांनी सभागृहात कधी लावला नाही. आपल्या मतदारांपैकी कित्येकांना तो परवडत नाही, असं त्यांचं म्हणणं. हे ऐकून आमचा इंजिनिअर म्हणाला, ‘नाटकी आहे रे.’ असेल थोडं. खादीचं काय होतं मग?

त्यांच्या पश्चात २००९ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्याच सहकारी मॉरीन ओ’सलिव्हन अपक्ष म्हणून उभ्या राहिल्या आणि आल्या. ना मुलगा, ना पुतण्या, ना सून. हा मुद्दा ग्रुपवर टाकल्यापासून अजून कोणी अंगठा दिलेला नाही.