हलवता येणारा भार

वीज स्वस्त केव्हा मिळते? आपल्याला ती नको असते तेव्हा. वीज कंपनीने पाठवलेल्या नव्या दरपत्रकाचा मथितार्थ एवढाच आहे, पण तो त्यांनी गुळगुळीत कागदाच्या आठ पानांवर, हिरव्या-तांबड्या पट्ट्यांसकट आणि तळाशी बारीक टायपातल्या अटींसकट छापलाय. रात्री अकरा ते सकाळी सहा हा पट्टा हिरवा. त्या सात तासांत वीज नेहमीच्या दराच्या ६० टक्क्यांत. उरलेले सतरा तास तांबडे, तेव्हा ११५ टक्के. हिरव्या पट्ट्यात आमच्या घरी पूर्वापार एकच कार्यक्रम होत आलाय, आणि झोपेला प्लग लागत नाही.

योजना ग्राहकाने स्वतः निवडायची होती. नाही निवडली तर ‘सध्याचीच योजना पुढे चालू राहील’ असं सातव्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं. माझ्या मते त्या पत्रकातलं सगळ्यात सुंदर वाक्य ते. पण पत्रक आधी नवऱ्याच्या हाती लागलं. फुकट मिळणाऱ्या वस्तूपेक्षा चाळीस टक्के सवलतीत मिळणाऱ्या वस्तूने जास्त हरखणारा माणूस आहे तो. रात्रीची जेवणं उरकायच्या आत एक्सेल उघडलं गेलं, आणि चिरंजीव, सासूबाई, मी अशी सर्वसाधारण सभा भरली.

सभेची सुरुवात व्याख्यानाने झाली. व्याख्यान चांगलं होतं, हे मान्य करायला हवं. वीज डब्यात भरून फडताळात ठेवता येत नाही. ज्या क्षणी जेवढी वापरली जाते, त्याच क्षणी तेवढीच तयार व्हावी लागते. जरा इकडेतिकडे झालं की साऱ्या जाळ्याची फ्रिक्वेन्सी, म्हणजे ५० किंवा ६० हर्ट्‌झ जी काय असेल ती, खालीवर व्हायला लागते आणि कंट्रोल रूममधल्या लोकांना घाम फुटतो. संध्याकाळी सगळ्यांनाच सगळं हवं असतं. त्या दोन-चार तासांसाठी जादा यंत्रं तयार ठेवायची, आणि रात्री तीच गप्प बसवायची. कोळशाच्या आणि अणुशक्तीच्या केंद्रांना असं दर रात्री बंद करून सकाळी चालू करणं मानवत नाही. म्हणून मग कंपन्या म्हणतात, रात्री वापरा, स्वस्त देतो. ब्रिटनमध्ये १९७८ साली घरगुती ग्राहकांना अशीच सात स्वस्त तासांची योजना दिली गेली. लोकांनी रात्री विटा तापवणारे हीटर घेतले. त्या विटा दिवसभर हळूहळू ऊब सोडत राहायच्या.

“आणि फुटबॉल,” चिरंजीव म्हणाले. घरात कुठलाही विषय निघाला तरी फुटबॉलपर्यंत जाणारी एक वाट त्यांना माहीत असते. पण या वेळी खरंच होती. ४ जुलै १९९० रोजी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टीवर हरलं, आणि सामना संपताच अख्खा देश उठून चहाच्या किटल्यांची बटणं दाबायला गेला. ब्रिटनच्या वीजजाळ्यावरची मागणी एका झटक्यात २,८०० मेगावॉटने वाढली.

“हरल्यावर चहा?” सासूबाईंनी विचारलं. त्यांना त्यात काहीतरी कोडगेपणा दिसला.

व्याख्यान संपलं आणि तक्ता सुरू झाला. नवऱ्याने हिशेब करून सांगितलं की एकूण वापरातली २७ टक्क्यांहून जास्त वीज रात्रीच्या सात तासांत वापरली, तर ही योजना परवडते. त्याखाली असलो तर जुनाच दर बरा. स्मार्ट मीटर असल्यामुळे कंपनीच्या ॲपवर तासातासाचा वापर दिसत होता. आमचा रात्रीचा वाटा निघाला १९.

मी आयुष्यभर हिशेबखात्यात नोकरी करते, त्यामुळे दुसऱ्याचा तक्ता पाहिला की माझा हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो. चोवीस तासांपैकी सात तास म्हणजे २९ टक्के. याचा अर्थ, ज्या घरात दिवसरात्र एकसारखी वीज जळते, तिथे काहीही न करता रात्रीचा वाटा २९ पडणार. आणि एकसारखी वीज कुठे जळते? कुलूप लावलेल्या घरात. आत एकटा फ्रिज, राउटर, आणि टीव्हीवरचा तो लाल ठिपका. म्हणजे या योजनेचा आदर्श ग्राहक हा घरी नसलेला ग्राहक आहे. आम्ही दिवसाउजेडी घरात वावरतो, चालतो-बोलतो, इस्त्री करतो, हीच काय ती अडचण. हे मी सभेपुढे मांडलं. नवरा म्हणाला, “तू नेहमी नकारात्मक बाजू बघतेस.”

“मग काय काय रात्री हलवता येईल ते सांगा,” असा ठराव मांडला गेला. याला म्हणे लोड शिफ्टिंग म्हणतात. फ्रिज हलत नाही, तो चोवीस तासांचा. पंखे हलत नाहीत. स्वयंपाक हलवून मध्यरात्री करायची सूचना नवऱ्याच्या ओठांवर आली होती, पण माझ्याकडे बघून तो पाणी प्यायला. चिरंजिवांनी मोठ्या उदार मनाने सगळे मोबाइल यापुढे फक्त रात्री चार्ज करू असं जाहीर केलं. एक फोन रोज पूर्ण चार्ज केला तरी वर्षाकाठी पाच-सात युनिटं. वर्षाकाठी! या त्यागातून जे वाचणार होतं त्यात चार्जरची वायरसुद्धा आली नसती.

मग दिव्यांचा विषय निघाला. सासूबाई घरभर फिरून दिवे मालवत असतात. त्यांच्या हिशेबी लाईट बिल म्हणजे लाईटचंच बिल. त्यांचा मान राखून सांगायचं तर, नऊ वॉटचा एलईडी दिवा एक युनिट जाळायला १११ तास घेतो. रोज पाच तास लावला तर तीन आठवडे. आणि दोन हजार वॉटचा गीझर? अर्धा तास. हे ऐकल्यावर चिरंजिवांनी आजीला नम्रपणे विचारलं, की आजवर माझ्या खोलीतल्या दिव्यावरून जी बोलणी खाल्ली ती परत मिळतील का. सासूबाई म्हणाल्या, “गीझर चालू ठेवून आरशापुढे उभा असतोस, ती बोलणी द्यायची राहिलीत, त्यात वळती करून घे.”

थोडक्यात, उष्णता तयार करणारी यंत्रं तेवढी खरी खादाड. गीझर, इस्त्री, आणि वॉशिंग मशीन कोमट पाण्यावर लावलं तर तेही, कारण मशीनमधला ड्रम फिरवायला फारसं लागत नाही, पाणी तापवायला लागतं. ही तीनच नावं तक्त्यात उरली. आणि या तिघांपुढे मी पेन्सिलीने आणखी एक रकाना आखला: ‘हे करणार कोण?’ गीझर स्वतःहून अंघोळ घालत नाही. मशीन कपडे गोळा करत नाही, खिशातले कागद काढत नाही, पांढरं-रंगीत वेगळं करत नाही. रात्री अकराला मशीन सुरू व्हायचं, तर साडेदहाला कुणीतरी हे सगळं केलेलं असायला हवं. एक्सेलमध्ये किलोवॉट होते, युनिटं होती, टक्के होते. तो रकाना मात्र नव्हता. दरपत्रकातही नव्हता. त्या आठ पानांवर एक हसरं कुटुंब होतं, त्यातली बाई सोफ्यावर बसून मोबाइलवर बोट ठेवून कपडे धुत होती. घरात हलवता येण्याजोगा भार एकच, आणि तो पत्रक वाचत बसला होता.

इतर योजनाही होत्या म्हणा. एकीत दुपारचे तास स्वस्त होते. हा सौरऊर्जेचा प्रताप. दुपारी उन्हात फुकटची वीज उतू जाते आणि सूर्य मावळताच सगळे एकदम घरी येतात, त्यामुळे सौर वीज वजा करून उरणाऱ्या मागणीचा आलेख असा काही वाकतो की कॅलिफोर्नियाच्या वीजजाळ्यावाल्यांनी २०१३ मध्ये तो काढला, तेव्हा लोकांना त्यात बदक दिसलं, आणि आजही त्याला बदकाचा आलेखच म्हणतात. दुपारी आमच्या घरी फक्त सासूबाई. “दुपारी मी झोपते,” त्या म्हणाल्या. योजना बाद.

चौथ्या योजनेत दर तासाचा दर वेगळा, आणि तोही रोज नवा. जर्मनीच्या घाऊक बाजारात २००८ पासून विजेचा दर शून्याच्याही खाली जाऊ शकतो, म्हणजे वीज न्या आणि वर पैसेही न्या, हे वाचून नवऱ्याच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी लग्नाच्या अल्बममध्येही पाहिलेली नाही. पण ते घाऊक. आपल्या बिलात वहन आकार, स्थिर आकार आणि कर आपापल्या जागी ठाण मांडून असतात. शिवाय रोज रात्री उद्याचे चोवीस दर बघून कपडे कधी धुवायचे ते ठरवायचं, तर मग नोकरी कधी करायची? ही योजनाही बाद. मी एकटीने केली. सभा बरखास्त झाल्यावर केली.

उरली हिरव्या-तांबड्या पट्ट्याची. कनेक्शन माझ्या नावावर असल्यामुळे ओटीपी माझ्या फोनवर येणार होता, आणि हे लक्षात आल्यावर वाटाघाटींचा सूरच बदलला. मी एकच अट घातली: रात्रीचं मशीन ज्याचा तक्ता त्याने लावायचं. नवरा “एवढंच ना?” म्हणाला. मी ओटीपी दिला.

पहिला घोळ घड्याळाचा. मीटरवरचं बटण दाबत गेलं की एकेक आकडा येतो: तारीख, वेळ, मग रात्रीची युनिटं, मग दिवसाची. मीटरचं घड्याळ आमच्या भिंतीवरच्या घड्याळापेक्षा आठ मिनिटं मागे निघालं, आणि दर ठरतो तो मीटरच्या घड्याळावर. म्हणजे रात्री आठ मिनिटं थांबायचं, पण सकाळी सहानंतर आठ मिनिटं फुकटात हिरवी! नवऱ्याने लगेच या आठ मिनिटांत गीझर किती तापेल त्याचं गणित मांडलं. मी कंपनीला कळवू या म्हटलं तर “घाई काय आहे?” म्हणाला.

दुसरा घोळ मशीनच्या उशिरा सुरू होण्याच्या बटणाचा. आमच्या मशीनवर तीन दाबलं की ते तीन तासांनी सुरू होतं. माझ्या बहिणीच्या मशीनवर तीन दाबलं की तीन तासांनी संपतं. नवरा माहिती विचारायला नेमका बहिणीलाच फोन करत होता, त्यामुळे काही दिवस आमचे कपडे पूर्णपणे तांबड्या पट्ट्यात धुतले गेले.

हे सुधारलं तेव्हा झोपेचा प्रश्न उभा राहिला. धुणं शांतपणे चालतं, पण पिळणं? पहाटे दोनला ड्रम आधी घुटमळतो, कपडे एका बाजूला गोळा झालेत का ते चाचपतो, थांबतो, उलटा फिरतो, पुन्हा थांबतो. आपल्याला वाटतं झालं. आणि तेवढ्यात तो बाराशेच्या वेगाने सुटतो, बाथरूममधला मग टाइल्सवरून घरंगळतो, आणि खालच्या मजल्यावर कुणीतरी खोकतं. मुद्दाम. शेवटी मशीन आनंदाने एक लांबलचक धून वाजवतं. ही धून बंद करता येते. कशी, ते पुस्तिकेत आहे. पुस्तिका कुठे आहे, ते कुणालाच ठाऊक नाही. त्यात अग्निशमन दलं बजावून सांगतात की घरचे झोपेत असताना अशी यंत्रं चालू ठेवू नका. म्हणजे कुणीतरी जागं हवं. आणि ओले कपडे पहाटे तीनपासून ड्रममध्ये तसेच राहिले तर सकाळी त्यांना कुबट वास येतो, मग ते पुन्हा धुवायचे, दिवसा. ११५ टक्क्यांनी.

गीझरचं त्या मानाने बरं जमलं, कारण सासूबाई आधीपासूनच पाचला उठून अंघोळ करतात. त्यांनी कसलाही तक्ता न मांडता घरातली सगळ्यात मोठी बचत करून दाखवली, आणि ती त्या करतच आल्या आहेत. “मग सगळेच लवकर उठा की,” त्या म्हणाल्या. “त्याला कंपनीची परवानगी कशाला?” यावर नवऱ्याने टाकीत पहाटे पाणी तापवून ठेवायचं आणि सगळ्यांनी सावकाश वापरायचं, असा तोडगा काढला. टाकीला हा तोडगा पटला नाही. पहिल्याला कढत, दुसऱ्याला गरम, आणि आठ वाजता उठणाऱ्या चिरंजिवांना थेट ऋतुमानानुसार.

पहिलं बिल आलं तेव्हा नवऱ्याने ते सगळ्यांना वाचून दाखवलं. रात्रीचा वाटा २८ टक्के. २७ ची रेघ ओलांडली! मी कॅल्क्युलेटर घेतला. जुन्या दराने जेवढं बिल आलं असतं, त्यात हजारामागे चार वाचले होते. पण आकडा खरा होता, तांबड्याच्या वर होता, आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावर जागरणाची वर्तुळं होती, म्हणून मी काही बोलले नाही. फक्त ॲपमधला महिन्याचा आलेख उघडला. महिन्यातले वीस दिवस वेडेवाकडे खांब, कुठे पहाटे दोनला उंच, कुठे सकाळी आठला त्याहून उंच. मधले दहा दिवस मात्र बुटके, एकसारखे, चोवीस तास शिस्तीत उभे असलेले. ते दहा दिवस आम्ही सगळे गावाला गेलो होतो.

“म्हणजे आपण नसलो की परवडतं,” सासूबाई म्हणाल्या.

योजना वर्षभर बदलता येत नाही, असं आठव्या पानावर लिहिलंय. नवऱ्याने त्याच एक्सेलमध्ये नवं पान उघडून वर्षभराच्या सुट्ट्या मांडायला घेतल्या आहेत. प्रवासखर्चाचा रकाना अजून रिकामा आहे.