शेवटची कॅडिलॅक कशी विकावी

१९७६ची कॅडिलॅक एल्डोराडो कन्व्हर्टिबल, म्हणजे टप उघडता येणारी अमेरिकन मोटार, विकायला काढलीत? उत्तम. शिवाय तिचा जीर्णोद्धारही तुम्हीच करून घेतलाय, म्हणजे तिच्यावर घासाघीस करण्याचा अधिकार आता जगात कुणालाच उरलेला नाही.

जाहिरातीची सुरुवात 'शेवटची' या शब्दानेच करा. २१ एप्रिल १९७६ला डेट्रॉइटच्या क्लार्क स्ट्रीटवरच्या कारखान्यातून शेवटची एल्डोराडो कन्व्हर्टिबल बाहेर पडली. यापुढे अमेरिकेत उघड्या टपाची गाडी होणे नाही असा गवगवा झाला आणि लोकांनी सोनं साठवावं तशा या गाड्या घेऊन झाकून ठेवल्या. हे सगळं रंगवून लिहा. १९८४ साली त्याच कॅडिलॅकने एल्डोराडोचा टप पुन्हा उघडला आणि साठेबाज मालक चिडून कोर्टात गेले, एवढा तपशील मात्र जागेअभावी गाळा. शेवटच्या वर्षात अशा १४,००० गाड्या निघाल्या, हेही कोणी विचारल्याशिवाय सांगू नये.

गाडी पांढरी असेल तर तुमचं नशीब फळफळलं. अमेरिकेच्या द्विशताब्दीनिमित्त अगदी अखेरच्या २०० गाड्या पांढऱ्याशुभ्र, लाल-निळ्या रेघांच्या काढल्या होत्या. तुमचीही त्यातलीच, 'असं आधीचे मालक म्हणत.' मूळचा तपकिरी रंग दाराच्या फटीत अजून दिसतो, पण फटीत डोकावणारं गिऱ्हाईक आपल्याला नकोच आहे.

इंजिनाचं सांगताना ८.२ लिटर हा आकडा ठळक टाका. मोटारीत इतकं मोठं इंजिन आजकाल मिळतं कुठे? कार्ब्युरेटरवाल्या गाडीत त्यातून १९० अश्वशक्ती निघते आणि हल्ली दीड लिटरचं टर्बो इंजिनही जवळपास तेवढीच देतं, ही तुलना करणारा माणूस रसिक नव्हे. लांबी पावणेसहा मीटरच्या आसपास आहे. त्याऐवजी 'ऐसपैस' लिहा. गिऱ्हाइकाचं गॅरेज केवढं आहे ते त्याचं त्याने बघावं.

फोटो भरपूर हवेत. बोनेटवरचं मानचिन्ह सात कोनांतून, लाल चामड्याच्या सीटा, सूर्यास्त. गाडीखालचा एकही नको. बंपर आणि बॉडीमधले प्लास्टिकचे तुकडे या काळातल्या कॅडिलॅकमध्ये हात लावताच बिस्किटासारखे चुरतात, तेव्हा तो भाग सावलीत ठेवा. टप उघडा असतानाच फोटो काढा. तो बंद का होत नाही असं कोणी विचारलंच, तर 'अशी गाडी बंद कोण करतं?' म्हणून हसा. एसीचं वाक्य ठरलेलं आहे, बदलू नका: 'फक्त गॅस भरायचाय.' इतक्या क्षुल्लक कामासाठी तुम्ही इतकी वर्षं मेकॅनिककडे का गेला नाहीत, हे विचारण्याइतकं धैर्य फार थोड्यांत असतं.

आता किंमत. नवी असताना ही गाडी सुमारे ११,००० डॉलरची होती. महागाई धरली तर आजचे साठ हजार. चांगल्या स्थितीतल्या गाडीलाही बाजार याहून बराच कमी देतो, पण बाजाराला काय कळतं? तुम्ही रंगाची, क्रोमची, शिलाईची बिलं जपलीत ना? सगळ्यांची बेरीज करा, त्यात गाडीची मूळ खरेदी मिळवा, वर बायकोने धरलेल्या अबोल्याची भरपाई लावा. खाली लिहा: 'किंमत पक्की. माझ्याकडे काय आहे हे मला माहीत आहे.'

कोणी निम्म्या किमतीत मागितली तर उत्तर देऊ नका. कोणीच मागितली नाही तर पुढच्या उन्हाळ्यात तीच जाहिरात हजार डॉलर वाढवून पुन्हा टाका. तेवढं तर गॅरेजचं भाडंच गेलेलं असतं.