नरकाच्या किंकाळ्या आणि ईयोबाचा देव

ती क्लिप परत फिरायला लागली आहे. रशियात जमिनीला खोल भोक पाडलं, आत माईक सोडला आणि नरकातल्या लोकांच्या किंकाळ्या ऐकू आल्या म्हणे. आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवरही आली, खाली 'आमेन'ची रांग. मी विश्वासणारा आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितो: ही शुद्ध थाप आहे. 1989-90च्या सुमारास अमेरिकेतल्या ख्रिस्ती टीव्हीवाल्यांनी ती उचलून धरली, आणि तेव्हापासून ती मरायलाच तयार नाही. देवाची बाजू मांडायला खोटं बोलावं लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांचा देव जरा लहानच असावा.

भोक मात्र खरं आहे. वायव्य रशियात, कोला द्वीपकल्पावर. सोव्हिएत लोकांनी 1970मध्ये खोदायला घेतलं आणि 1989मध्ये 12,262 मीटरवर पोचले. रुंदी जेमतेम नऊ इंच. सात किलोमीटरच्या आसपास ग्रॅनाइट संपून बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक, लागेल, असा भूकंपलहरींवरून बांधलेला अंदाज होता. बेसॉल्ट लागलाच नाही. लागला तो भेगाळलेला खडक, आणि भेगांत पाणी! इतक्या खाली पाणी असेल असं कुणी धरलंच नव्हतं. तळाशी 100 अंश तापमान अपेक्षित होतं, निघालं 180. त्या उष्णतेत खडक मऊ पडायचा, छिन्नी वर काढली की भोक आतून मिटत यायचं. ठरलं होतं 15 किलोमीटर, पण पुढे जाता येईना. पृथ्वीची त्रिज्या 6,371 किलोमीटर; म्हणजे पाचशेवा हिस्साही झाला नाही.

आता कुणी म्हणेल, बघा, देवाने माणसाची घमेंड उतरवली. मला ते पटत नाही. बायबलमध्ये ईयोबाचं पुस्तक आहे; हा भला माणूस, तरी त्याच्यावर संकटांमागून संकटं कोसळतात. त्याच्या 28व्या अध्यायात खाणकामगार आहेत: दोराला लोंबकळत अंधारात उतरणारे, डोंगर मुळापासून उलथणारे. त्या वर्णनात टिंगल नाही, चक्क कौतुक आहे. फक्त पुढे विचारलंय की ज्ञान कुठे सापडणार? 38व्या अध्यायात देव स्वतः विचारतो, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? समुद्राच्या तळाशी फिरून आलास का? ईयोब गप्प होतो. पण शेवटी देव रागावतो कुणावर? ईयोबावर नाही, तर 'तू पाप केलंस म्हणून हे झालं' असं छातीठोक सांगणाऱ्या त्याच्या मित्रांवर. आपल्या प्रवचनांत हा भाग नेमका गाळला जातो.

आपल्याकडे कोयनेला 11 डिसेंबर 1967च्या पहाटे भूकंप झाला. धरणाच्या साठ्याचा त्याच्याशी संबंध आहे, हे शास्त्रज्ञ सांगतात. पण पुढचा धक्का कधी, हे आजही कुणी सांगू शकत नाही. त्यासाठीच तर पाटण तालुक्यात गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. वर सव्वा किलोमीटर आपला काळा पाषाण, त्याखाली अडीचशे कोटी वर्षांहून जुना खडक. कोयनेची माणसं का गेली, 1993ला किल्लारीची का गेली, हे व्यासपीठावरून ठासून सांगणारे मी ऐकले आहेत. त्यांच्यापेक्षा गोठण्याच्या भोकात यंत्र सोडून आकडे टिपणारा माणूस मला ईयोबाच्या देवाच्या जवळचा वाटतो, मग तो देव मानत असो वा नसो.