ट्रे कुणाच्या हातात?

गेल्या महिन्यात पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. भाची चौथीत आहे. चौथीपर्यंत एक शाळा आणि पाचवीपासून दुसरी, ही जुनी घडी कोथरूडात अजून मोडलेली नाही, त्यामुळे सध्या घरात तोच विषय. म्हणाला, "ताई, तुमच्याकडे इंग्लंडात म्हणे प्रवेशाआधी मुलं अख्खा दिवस शाळेत बसून बघतात. किती छान! इथे वॉचमन गेटच्या आत घेत नाही. फॉर्म खिडकीतून घ्या, खिडकीतूनच द्या."

त्या 'छान'वर मी जरा गप्प झाले.

इंग्लंडमध्ये सरकारी पैसा न घेता फीवर चालणाऱ्या शाळांना इंडिपेंडंट स्कूल म्हणतात. साधारण ६ ते ७ टक्के मुलं तिथे शिकतात. १ जानेवारी २०२५ पासून त्या फीवर २० टक्के व्हॅटही लागतो, म्हणजे आमच्यासारख्यांनी आधी बँकेचं पासबुक बघावं आणि मग शाळा. तरीही लेकाला सातवीच्या वर्गासाठी अशाच एका शाळेने 'टेस्टर डे'ला बोलावलं आणि आम्ही हुरळून गेलो. तिथलाच एक मुलगा दिवसभर त्याचा सोबती होता. सकाळच्या हजेरीपासून गणित, प्रयोगशाळा, जेवण, मैदान असं सगळं झालं. संध्याकाळी गाडीत बसल्या बसल्या लेकाने अहवाल दिला: सायन्सच्या बाई भारी आहेत, जेवणाच्या रांगेत मोठी मुलं मध्ये घुसतात आणि त्यांना कुणी बोलत नाही, बाथरूमच्या कड्या नीट लागतात. माहितीपुस्तक मी चारदा वाचलं होतं. यातलं एक अक्षर त्यात नव्हतं.

दोन आठवड्यांनी अतिशय गोड भाषेतलं नकाराचं पत्र आलं. तेव्हा कळलं की गटात कोण बोलतं, हरल्यावर कोण रुसतं, हे दिवसभर कुणीतरी टिपत होतं. हे कांदेपोहेच होते. आम्हाला वाटलं होतं आमचा मुलगा बघायला गेलाय. प्रत्यक्षात ट्रे त्याच्याच हातात होता.

म्हणून भावाला म्हटलं, आपला कायदा या बाबतीत इथल्यापेक्षा शहाणा आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. जागा कमी असतील तर सोडत काढायची. चाळणी लावली तर पहिल्यांदा २५ हजारांपर्यंत दंड, पुढे दरवेळी ५० हजारांपर्यंत. हा कायदा नव्हता तेव्हा माझ्या प्रवेशासाठी आई पुण्यातल्या एका शाळेत मुलाखतीला गेली होती. तिला इंग्रजीत दोन प्रश्न विचारले. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. तो प्रवेश झाला नाही, आणि दोष आपलाच असं तिने आयुष्यभर मानलं. आता त्याच प्रकाराला काही ठिकाणी 'इंटरॅक्शन' म्हणतात, हे मी नात्यातल्या दोन-तीन घरांतून ऐकलंय.

पण कायद्याने निवडायला बंदी केली आहे, दाखवायला नाही. आपल्याकडे दोन्हींची गल्लत झाली. वॉचमनला विचारलं तर तोही नियमच सांगेल. पुण्यात शाळांवरून भांडणं काय कमी होतात? खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागांतून सूट, असा बदल सरकारने २०२४ मध्ये केला आणि उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी रद्द केला. २०२५ मध्ये पहिलीपासूनच्या हिंदीवरून रान पेटलं. दोन्ही वाद हवेच होते. पण जागा कुणाची आणि भाषा कुठली यावर तावातावाने बोलणारे आपण, त्या बाकावर बसणाऱ्या पोराला बाक आधी दाखवत नाही. सोडत लागली की अंतरपाट दूर होतो तो थेट जूनमध्ये.

मला हवं ते उलट्या क्रमाने. आधी प्रवेश पक्का, मग वर्ग चालू असतानाचा एक दिवस. बाईंनी वही काढायची नाही. नकाराचा अधिकार फक्त घरच्यांना, आणि नको म्हटलं तर भरलेली फी परत. राखीव जागेवरच्या मुलाला तर हा दिवस सगळ्यात आधी मिळायला हवा. डबा खाताना आपल्या शेजारी कोण बसतं, हे त्याला दुसरीकडे कुठे कळणार? अर्थात त्याच दिवशी त्याला 'जमणार नाही तुला इथे' असं नजरेने सुचवणारेही असतील. ती भीती मलाही आहे, आणि तिच्यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही.

भाऊ म्हणाला, "तिकडे बसून बोलायला काय जातं?" खरं आहे. पण दुसऱ्या दिवशी तो एका शाळेच्या ऑफिसात जाऊन विचारता झाला. तिथल्या बाई म्हणाल्या, असं आधी कुणी विचारलंच नव्हतं, आणि मधल्या सुट्टीपर्यंत भाचीला पाचवीच्या वर्गात बसू दिलं.

रात्री तिचाच फोन. "आत्या, ग्राउंड खूप मोठंय. पण सुट्टीत मुली कट्ट्यावरच बसतात. मी विचारलं का, तर म्हणाल्या, असंच."

भावाने तो फॉर्म अजून भरलेला नाही.